प्रमाणपत्र कशाचं प्रमाण?

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, बागकामाच्या प्रमाणपत्रांवर तुम्ही काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मला कलम बांधता येत नाही. गुलाबाची छाटणी कधी करायची हे मी आमच्या माळ्याला विचारतो, आणि तो सांगतो ते ऐकतो. पण 'प्रमाण' हा शब्द आमच्या खात्यातला आहे, आणि त्या शब्दाचं पुढे 'पत्र' होतं तेव्हा नेमकं काय घडतं, हे तपासायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

नैयायिकांनी चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रमाण म्हणजे ज्याच्यामुळे यथार्थ ज्ञान होतं ते साधन. आता भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र यातलं कोणतं? प्रत्यक्ष नाही, कारण तुमची बाग मी पाहिलेली नाही. फार तर ते शब्दप्रमाणाच्या जवळ जातं. म्हणजे कुणीतरी सांगतंय की 'या व्यक्तीला अमुक येतं', आणि आपण त्या सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतो. तेव्हा खरा प्रश्न असा की सांगणारा कोण आहे, तो कशाची ग्वाही देतोय, आणि किती काळासाठी देतोय?

हा प्रश्न हवेत ठेवण्यापेक्षा एक चांगलं, जुनं, भरपूर तपासलं गेलेलं उदाहरण घेऊ. अमेरिकेतला 'मास्टर गार्डनर' कार्यक्रम.

त्याची पार्श्वभूमी आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेतकीची विद्यापीठं उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्या विद्यापीठांतलं संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणारी विस्तार यंत्रणा आली. प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकात, विद्यापीठाचा एक माणूस. आपल्याकडे कृषी सहायक असतो ना, काहीसा तसा, फक्त त्याच्या पाठीशी विद्यापीठ. १९७० च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल आणि टॅकोमा ही शहरं झपाट्याने पसरत होती. शेतं जाऊन घरं आली, आणि घरांपुढे हिरवळ, गुलाब, सफरचंदाची दोन झाडं. मग काय, विस्तार अधिकाऱ्याचा फोन दिवसभर वाजायला लागला. माझ्या टोमॅटोची पानं का वळली, हिरवळीत शेवाळ का आलं. नेमणूक शेतकऱ्यांसाठी, आणि दिवस जायचा हिरवळीत!

किंग काउंटीतले डेव्हिड गिबी आणि शेजारच्या पिअर्स काउंटीतले बिल शीअर यांनी यावर तोडगा काढला. हौशी लोकांना आपण शिकवू, आणि त्या बदल्यात त्यांनी बाकीच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. विद्यापीठातल्या काही सहकाऱ्यांना हे चालेल असं वाटत नव्हतं. १९७२ साली टॅकोमाच्या एका मॉलमध्ये टेबल मांडून प्रयोग करून पाहिला, तर लोकांची रीघ लागली. १९७३ मध्ये पहिले वर्ग झाले. आज हा कार्यक्रम अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आहे, ८०,००० हून अधिक स्वयंसेवक त्यात काम करतात.

नाव मात्र त्यांनी जर्मनीवरून घेतलं. 'गार्टनमाइस्टर'. जर्मनीत माइस्टर होणं ही गंमत नाही. वर्षानुवर्षांची उमेदवारी, मग काम, मग परीक्षा, आणि त्यानंतर दुसऱ्याला शिकवण्याचा अधिकार. अमेरिकेत तेच बिरुद साधारण चाळीस-पन्नास तासांच्या वर्गांनंतर मिळू लागलं. राज्याराज्यात तास कमीजास्त आहेत, पण मोजमाप या घरातलं. माझ्या मते ही नावाची फुगवाफुगवी आहे, आणि ती निरुपद्रवी नाही. पन्नास तासांत कुणी उस्ताद होत नाही. आपल्याकडे पन्नास तास तंबोरा लावायला शिकण्यात जातात.

पण नावावरून कार्यक्रमाचा निकाल लावू नका. नावाच्या खाली जी रचना आहे ती मला फार विचार करून केलेली वाटते.

पहिली गोष्ट, वर्ग संपले म्हणजे प्रमाणपत्र मिळतं असं नाही. वर्ग हे कर्ज आहे. ते सेवेच्या तासांनी फेडायचं, मग प्रमाणपत्र. शिवाय ते दरवर्षी संपतं. पुढच्या वर्षी पुन्हा ठरलेले तास सेवा, ठरलेले तास नवीन शिक्षण, तरच नूतनीकरण. याच धर्तीवर टेक्सासमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'मास्टर नॅचरलिस्ट' कार्यक्रम निघाला, तो बागेऐवजी रानासाठी, ओढ्यांसाठी, पक्ष्यांसाठी. तिथला हिशेब असा : ४० तास प्रशिक्षण, ४० तास सेवा, ८ तास पुढचं शिक्षण, आणि सेवा व पुढचं शिक्षण दरवर्षी. दुसरी गोष्ट मला आणखी महत्त्वाची वाटते. 'मास्टर गार्डनर' हे बिरुद तुम्हाला धंद्यासाठी वापरता येत नाही. तुमची नर्सरी असेल, तर पाटीवर ते लिहायचं नाही. बागेची कामं घेत असाल, तर कार्डावर छापायचं नाही. विद्यापीठाच्या वतीने फुकट सेवा करताना तेवढं ते तुमचं.

म्हणजे हे असं प्रमाणपत्र आहे जे विकता येत नाही आणि जे साठवताही येत नाही. आपल्या प्रमाणपत्रांशी ताडून पाहा. शनिवार-रविवारची गच्चीवरच्या बागेची कार्यशाळा. दुसऱ्या दिवशी साडेचारला चहा, पाचला प्रमाणपत्र वाटप, सव्वापाचला समूहछायाचित्र. त्या कागदावर तुमचं नाव कॅलिग्राफीत असतं, आणि तो आजन्म चालतो. त्याने सिद्ध काय होतं? शुल्क भरलं आणि हजर होता, एवढंच. (हशा) हसू नका, माझ्याकडेही असे दोन कागद आहेत. कार्यशाळा वाईट असतात असं मी म्हणत नाही. कित्येक फार चांगल्या असतात. मी त्या कागदाबद्दल बोलतोय.

आता जरा आमच्या खात्यात येऊ. गिल्बर्ट राइल नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक भेद रूढ केला : 'अमुक आहे' हे माहीत असणं, आणि 'अमुक कसं करायचं' हे येणं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो हे माहीत असणं वेगळं, आणि कुंडीत बोट खुपसून आज पाणी घालायचं की नाही हे कळणं वेगळं. परीक्षा पहिल्या प्रकाराची घेता येते. दुसरा प्रकार हातात राहतो, आणि हाताची लेखी परीक्षा होत नाही. म्हणून लोक म्हणतात, बागकामाचं प्रमाणपत्रच मूर्खपणाचं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. या कार्यक्रमांची ग्वाही मुळात 'हा उत्तम माळी आहे' अशी नसतेच. ती कशाची असते हे समजण्यासाठी न्यायदर्शनातली एक व्याख्या फार उपयोगी पडते.

शब्द केव्हा प्रमाण होतो? तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का, मराठीत तो अर्थ नंतर बळावला. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचं जे लक्षण दिलं आहे त्याचा आशय असा, की ज्याने वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. दोन अटी आहेत : ज्ञान आणि सांगण्यातला प्रामाणिकपणा. यापुढे तो जे म्हणतो ते मला विलक्षण वाटतं. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे! म्हणजे आप्त होण्यासाठी जात, कुळ, भाषा लागत नाही. पदवीही लागत नाही, हे मी माझ्या पदरचं जोडतो.

या कसोटीवर मास्टर गार्डनर घासून पाहिला, की एक पेच समोर येतो. त्याला प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं असतं, की मदत-टेबलावर बसल्यावर स्वतःचे अनुभव, आजीचे तोडगे, इंटरनेटवरचे नुस्खे सांगायचे नाहीत. विद्यापीठाच्या संशोधनाचा आधार असलेलंच सांगायचं. माहीत नसेल तर सरळ 'मला माहीत नाही, शोधून कळवतो' म्हणायचं. म्हणजे पाहा, साक्षात जाणलेलं तेवढं सोडून बाकीचं सांगा, असाच हा नियम झाला. वात्स्यायनाचा आप्त हा नव्हे. हा आप्ताचा निरोप्या आहे.

मला सुरुवातीला हा नियम टोचत होता. माणसाच्या चाळीस वर्षांच्या हाताची किंमत शून्य आणि छापील पत्रकाची शंभर? पण एक उदाहरण सांगतो. ते कढीपत्त्याचं आहे, त्यामुळे तुम्हाला पटकन कळेल.

माझ्या मावसबहिणीची सून ह्यूस्टनच्या बाजूला राहते. तिने हे प्रशिक्षण घेतलं आहे. तिकडच्या आपल्या मंडळींत कढीपत्त्याचं झाड म्हणजे देव्हाऱ्याच्या खालोखाल. कुणाकडे झाड वाढलं, की त्याच्या मुळाशी येणारी पिल्लं मैत्रिणींना द्यायची, दुसऱ्या गावी जाताना गाडीतून न्यायची. यात आपल्याला पुण्यच दिसतं. रोप देणं हे दानच की! आता दुसरी बाजू. संत्रं, लिंबू, मोसंबी यांना ग्रीनिंग नावाचा एक जिवाणूजन्य रोग होतो. फळं हिरवी, वेडीवाकडी, कडवट राहतात, झाड झुरून मरतं, आणि एकदा रोग लागला की झाड बरं होत नाही. रोग पसरवणारा किडा म्हणजे सिट्रस सायला. आपल्या विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हे नाव नवं नाही. हा किडा लिंबाइतकाच कढीपत्त्यावर खूश असतो, कारण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पालवीवर तो अंडी घालतो. झाडाला स्वतःला काही होत नाही, ते टवटवीत दिसतं, आणि रोपाबरोबर किडा प्रवास करतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये आढळला, टेक्सासमध्ये २०१२ मध्ये. फ्लोरिडाचं संत्र्याचं उत्पादन वीस वर्षांत दहाव्या हिश्श्याच्याही खाली आलं. चक्रीवादळांचाही त्यात वाटा आहे, पण कंबरडं मोडलं ते या रोगाने. म्हणून क्वारंटाइन लागू असलेल्या भागातून लिंबवर्गातल्या झाडांची रोपं बाहेर न्यायला बंधनं आहेत, आणि त्यात आपला कढीपत्ताही येतो.

आता सांगा, इथे साक्षात अनुभव काय सांगतो? अनुभव सांगतो की माझं झाड उत्तम आहे, पिल्लू काढून दे. हाताला येणारं ज्ञान बिनचूक आहे, पिल्लू जगेलही. पण शेकडो मैलांवरच्या बागेत काय होईल ते हाताला कळत नाही. ते कळायला सर्वेक्षण लागतं, प्रयोगशाळा लागते, नकाशे लागतात. म्हणजे इथे विद्यापीठाचाच शब्द हवा. पण विद्यापीठाचा शब्द त्या स्वयंपाकघरात पोचणार कसा? सरकारी पत्रकात कढीपत्त्याचं शास्त्रीय नाव असतं, आणि ते पत्रक आपल्या काकू वाचत नाहीत. मंडळाच्या गणपतीत मोदक वाढता वाढता "अगं, ते रोप डॅलसला नेऊ नकोस हं, कारण असं असं आहे," असं सांगणारी घरातलीच कुणीतरी लागते. तिचं ऐकतात, कारण ती आपली आहे. आणि ती बरोबर सांगते, कारण तिने ते विद्यापीठाकडून घेतलेलं आहे. म्हणजे निरोप्याला कमी लेखायचं कारण नाही. आप्त हा शब्द मराठीत नातेवाइकाकडे का सरकला असेल, याचं थोडं उत्तर मला या उदाहरणात दिसतं. (हा माझा तर्क आहे, व्युत्पत्ती म्हणून लिहून घेऊ नका.)

तेव्हा माझं म्हणणं असं, की या प्रमाणपत्राचं मोल ते ज्ञानाचा पुरावा आहे म्हणून नाही. ते वचन आहे. मी माझ्या मनचं सांगणार नाही, यातून कमावणार नाही, आणि वर्षभर लोकांच्या उपयोगी पडेन, हे ते वचन. वचनाला मुदत असावीच लागते. वर्ष संपलं, वचन पुन्हा द्या.

इथवर मी बाजू घेतली. आता तक्रारी.

पहिली तक्रार तासांबद्दल. सेवेचे तास संगणकावर नोंदवायचे असतात. त्या तासांना मग दर लावतात. अमेरिकेत स्वयंसेवेच्या एका तासाचं मूल्य डॉलरमध्ये जाहीर होतं, अलीकडे ते तीस डॉलरच्या वर आहे. तास गुणिले दर, म्हणजे आम्ही राज्याचे इतके लाख डॉलर वाचवले, असा अहवाल. गाडगेबाबांनी खराट्याचे तास कधी लिहून ठेवले नाहीत, असं म्हणून टाळी घेणं सोपं आहे. मी ती घेणार नाही. ही यंत्रणा सरकारी पैशावर चालते, अंदाजपत्रकाच्या वेळी लोकप्रतिनिधींपुढे काहीतरी आकडा ठेवावाच लागतो. माझी हरकत वेगळी आहे. आकडा वर पाठवायचा म्हणून काढला जातो आणि खाली झिरपतो. मग माणूस विचारतो, 'याचे तास धरणार का?' शेजारच्या म्हातारीच्या अंगणातलं सुकलेलं झाड पाहायला गेलात तर तास धरत नाहीत, टेबलावर बसलात तर धरतात. टेबलावर त्या दिवशी कुणी फिरकलं नाही तरी! अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलं की न्यायी कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो. त्याला सवय अभिप्रेत होती. नोंदवहीचीही सवय लागते, हे त्याच्या डोळ्यांपुढे नसावं.

दुसरी तक्रार मला जास्त गंभीर वाटते. या वर्गांत कोण येतं? बहुतांशी निवृत्त, सुशिक्षित, गोरे, सुस्थितीतले लोक, त्यांत स्त्रिया जास्त. हे तिथले आयोजकच मान्य करतात आणि त्यावर चिंताही करतात. वर्ग बऱ्याचदा कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, इंग्रजीत, आणि शुल्क अनेक ठिकाणी काहीशे डॉलरच्या घरात. आणि त्याच उपनगरात प्रत्यक्ष हिरवळ कापणारा, खड्डा खणणारा, झाड लावणारा माणूस बऱ्याचदा मेक्सिकोहून किंवा मध्य अमेरिकेतून आलेला असतो. उन्हात दहा तास काम करणाऱ्या त्या माणसाला 'मास्टर' कुणी म्हणत नाही. ज्ञान त्याच्याकडे, बिरुद खिडकीच्या आत. वात्स्यायनाची तिसरी कोटी आठवा.

हे ऐकून आपण अमेरिकेकडे बोट दाखवायला नको. आपल्याकडच्या कार्यशाळेत माती कालवायला कोण असतो? माळी. बोलतो कोण? ज्याच्याकडे माइक आहे तो. प्रमाणपत्र माळ्याला मिळत नाही, कारण त्याने शुल्क भरलेलं नसतं.

सालिम अलींची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती म्हणून भारतीय प्राणी सर्वेक्षणातली पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. पुढे ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे जाऊन शिकले. तिथून पदवी आणली नाही, पण गुरू आणि पद्धत मिळाली. परत आल्यावर नोकरी नव्हती, तर अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, जो आजही नावाजला जातो. मानद डॉक्टरेट नंतर आल्या, एकाहून अधिक. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, कागदाला अर्थ नाही. पण सालिम अलींच्या मागे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती, १८८३ पासूनची. लहानपणी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते तिथेच गेले होते, आणि तिथल्या मिलर्ड साहेबांनी कपाटं उघडून दाखवली होती. कागद नव्हता, पण दार उघडं होतं. ज्याच्या वाट्याला असं दार येत नाही, त्याला कागदाची गरज जास्त असते.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे : 'आपल्याकडे असा अभ्यासक्रम सुरू करावा का?' करावा, पण उलट्या टोकापासून. आधी हे ठरवा की स्वयंसेवकाला उत्तर आलं नाही तर तो कुणाला विचारणार. टॅकोमाच्या टेबलामागे विद्यापीठ होतं, रोगट पान पाठवायला जागा होती. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, तालुक्यांपर्यंत पोचणारी कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पण गच्चीत वांगी लावणारा माणूस त्यांच्या हिशेबात फारसा नाही, आणि त्यालाही तिथे जावंसं वाटत नाही. तो नर्सरीवाल्याला विचारतो, आणि नर्सरीवाल्याला बाटली विकायची असते. हा दुवा जुळवल्याशिवाय नुसती प्रमाणपत्रं छापली, तर ते खातं न उघडता चेकबुक वाटण्यासारखं होईल. दुसरं, वर्गात निदान एक दिवस माळी शिकवेल, आणि त्याला त्याचं मानधन मिळेल, बाकीच्या व्याख्यात्यांइतकंच. तिसरं, कागदावर मुदत छापा. एकतीस मार्चला संपणारं प्रमाणपत्र. किती लोक नाव नोंदवतात ते मग बघू.

आणखी दोन चिठ्ठ्या दिसतायत. ती कंपोस्टबद्दलची मी घेत नाही, त्यासाठी जाणकार समोरच बसले आहेत. दुसरी घेतो.